साक्रीच्या बाजारात गेलेले ड्रम

सकाळी ऑफिसला निघता निघता फोन आला. जळगावच्या सरकारी रुग्णालयातली डॉक्टर बोलत होती. माझी आणि तिची ओळख नव्हती. कारखान्यांच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या आमच्या कार्यालयातून तिने माझा नंबर मिळवला होता.

"मॅडम, एक बाई दाखल झालीय. कुठल्यातरी शेडमध्ये ड्रम धुते. तिचे ओठ काळेनिळे पडलेत आणि ऑक्सिजन लावूनही फरक नाही. तुम्ही येऊ शकाल का? आत्ताच."

मी कारखाने निरीक्षक. अपघात झाल्यावर पंचनाम्याला जाण्याची सवय होती. पण माणूस जिवंत असताना, डोळ्यांसमोर श्वास ओढत असताना कुणी मला बोलावल्याचं आठवत नव्हतं. पिंप्राळ्याच्या आमच्या गल्लीतून स्कूटर बाहेर काढली आणि मी थेट रुग्णालय गाठलं.

वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर ती बाई बसली होती. आडवं झालं की जीव घाबरा होतो म्हणून उशा लावून बसवलेली. चाळिशीची असेल. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. नखंही तशीच. डॉक्टरने मला बाजूला नेलं आणि एक सिरिंज दाखवली. तिच्यात रक्त होतं, पण ते रक्तासारखं दिसत नव्हतं. दाट, तपकिरी, चॉकलेट वितळवून भरल्यासारखं.

"हवेत ठेवलं तरी लाल होत नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "ही एक तऱ्हेची विषबाधा आहे. रक्त ऑक्सिजन धरूच शकत नाही. यावर औषध आहे आणि ते मी सुरू केलंय. पण नेमकं कुठलं रसायन ते मला कळायला हवं. आणि तिच्याबरोबर अजून कोण काम करतं, तेही."

मी खाटेजवळ गेले. बाई एरंडोलकडची होती. आमची बोली एकच, मग कुठे काम करते, बरोबर कोण असतं, ते मी तिला अहिराणीतच विचारलं. "अक्का, कथा काम करतस तुम्ही? संगे कोण शे?"

"आम्ही ड्रम धुतस," ती मधे मधे थांबत म्हणाली. "वास येस गोडगोड, बूट पॉलिशनागत. काल डोकं गरगर फिरी ऱ्हायनं व्हतं. मन्हासंगे एक आबा बी शेतस. त्या काल दुपारलेच घर निंघी गयात." मग तिने माझा हात धरला. "बाई, माले काय व्हयनं?"

तिची बोटं थंडगार होती. काही होणार नाही, असं मी म्हटलं. ते खरं आहे की नाही, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात येऊन मी प्रदूषण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्यांना फोन लावला. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस; मी त्यांना सर म्हणते. अशा शेडांवरून आमची दोघांची वर्षानुवर्षं पत्रापत्री चालायची. चारदोन माणसं कामाला, म्हणजे कायद्याने तो कारखाना नाही, असं आमचं कार्यालय लिहायचं. काही बनवतच नाहीत, नुसते ड्रम धुतात, म्हणजे उद्योग नाही, असं त्यांचं उत्तर यायचं. नगरपालिका म्हणायची, जागा आमच्या हद्दीबाहेर. ग्रामपंचायत म्हणायची, आम्हाला यातलं काही कळत नाही. आज मी बोलायला सुरुवात करताच त्यांनी मला थांबवलं.

"मॅडम, कुणाचं क्षेत्र ते नंतर बघू. तुम्ही दवाखान्याच्या गेटवर थांबा, मी गाडी घेऊन येतो. आणि पोलिसांना सांगा, त्या आबांचा पत्ता काढा म्हणावं."

बाईने सांगितलेलं शेड एरंडोल रस्त्याला, केळीच्या एका बागेमागे होतं. आत शिरण्याआधी त्यांनी मला रबरी बूट, हातमोजे आणि दोन्ही बाजूंनी डबे असलेला मास्क दिला. मास्कमध्ये स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. त्या आवाजाने मी जास्तच घाबरले. निळ्या ड्रमांच्या छतापर्यंत रांगा. मधोमध सिमेंटचा हौद आणि त्यात गढूळ पाणी. हौदाच्या काठावर एक जुनी साडी पिळून वाळत घातलेली, बहुतेक त्या बाईचीच. ती या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून, कदाचित आत उतरून, दिवसभर ड्रम घासत होती. हे विष नाकाने जातं तसं कातडीतूनही जातं, हे डॉक्टरने मला सांगितलं होतं. मी बुटांकडे बघितलं. जमीन ओली होती. मला वाटलं, बूट गळका असला तर?

मालक बाहेर लिंबाच्या सावलीत पोलिसांजवळ बसला होता. मी मनात एक दांडगा, अरेरावी माणूस धरून गेले होते. हा बिचारा चष्म्यातला, शर्टाची बटणं खालीवर लागलेला, घाबरून अर्धा झालेला. बोलता बोलता त्याला खोकला आला. तो उठला, शेजारच्या निळ्या ड्रमातून त्याने तांब्याभर पाणी घेतलं आणि तोंडाला लावणार, तेवढ्यात सरांनी तांब्या त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावला.

"हा ड्रम कुठला?"

"यातलाच, साहेब. घरी पण हेच आहेत. चांगले धुवून, उन्हात वाळवून वापरतो आम्ही." त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. "माझी लेकरं हेच पाणी पितात."

त्याला तिथून थेट घरी आणि घरून सगळ्यांना दवाखान्यात पाठवायचं ठरलं. पण त्याआधी सरांनी त्याला विचारलं, माल कुठून आला. गुजरातेतल्या एका औद्योगिक वसाहतीतून, भंगारवाल्यामार्फत. लेबलं खरवडलेली. सरांनी तिथल्याच मंडळातल्या एका अधिकाऱ्याला फोन लावला. दोघांची कधी काळी एका प्रशिक्षणात ओळख झाली होती. हिंदी-गुजराती मिसळून दोघं बोलले. "साहेब, कागज बाद में भेजूँगा, अभी आदमी मर रहा है," एवढं सर म्हणाले आणि फोन ठेवला. आम्ही तिथे उभे राहिलो, दोघंही फोनकडे बघत. मला तो वेळ सरता सरेना. अखेर फोन वाजला. तिकडच्या माणसाने कारखान्यापर्यंत जाऊन विचारलं होतं. कापडाच्या रंगासाठी लागणारं रसायन होतं ते. डॉक्टरला जी शंका होती त्याच जातीचं. मी लगेच तिला नाव कळवलं. "बरोबर," ती म्हणाली. "औषध तेच. चालू ठेवते. पण ते आबा कुठे आहेत?"

आबा सापडले होते. गावच्या पोलीस पाटलाने घर शोधलं होतं. कालपासून ते अंथरुणात होते. ऊन लागलं म्हणून घरच्यांनी कांद्याचा रस चोळला होता आणि झोपू दिलं होतं. रुग्णवाहिका निघाली होती.

मग पोलिसांपैकी एकाने मालकाला सहज विचारलं, "धुतलेला माल शेवटचा कुठं गेला?"

"बाजार करणारा टेम्पोवाला घेऊन जातो, साहेब. परवाच भरून दिला. साक्रीच्या बाजाराला."

साक्री तालुका म्हणजे माझं माहेर. डोंगराच्या कडेचं गाव. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून घरोघरी ड्रम. आणि आमच्याकडे त्याच आठवड्यात भावाच्या मुलीचं बारसं होतं. आईने फोनवर सांगितलं होतं की पाहुणे येणार, पाणी साठवायला बाजारातून मोठा ड्रम आणणार आहे.

मी आईला फोन लावला. लागला नाही. भावाला लावला. गावात रेंज अशीच. कधी गच्चीवर मिळते, कधी तिथेही नाही. मी लावत राहिले. प्रत्येक वेळी फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई तेच वाक्य बोलायची.

जिल्हाधिकारी कार्यालयात निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. आरोग्य, पोलीस, अन्न व औषध, पाणीपुरवठा, जिल्हा परिषद, अग्निशमन. मी अशा बैठका पुष्कळ बघितल्यात. जो तो आपल्या हद्दीचा नकाशा घेऊन येतो. त्या दिवशीही सुरुवात तशीच झाली. साक्री धुळे जिल्ह्यात, आपण इथून काय करणार, असं कुणीतरी म्हणालं. उपजिल्हाधिकारी बाई उभ्याच होत्या. त्यांनी धुळ्याला फोन लावून तो स्पीकरवर टेबलाच्या मधोमध ठेवला.

"साहेब, आमचे विषारी ड्रम तुमच्या बाजारात गेलेत. कुणी पाणी पिण्याआधी ते थांबवायचेत. तुमचे तहसीलदार, आमची माणसं, एकत्र."

पलीकडून आवाज आला, "ग्रामसेवकांना आत्ता कळवतो. भोंग्यावरून काय बोलायचं ते फक्त सांगा."

काय बोलायचं, यावर मात्र जरा वेळ गेला. एकजण म्हणाला, उगाच घबराट होईल. वॉर्डातून आलेली डॉक्टर तिथेच दाराशी उभी होती. ती म्हणाली, "घबराट झालेली चालेल. तान्ह्या बाळांना हे सगळ्यात लवकर लागतं. बाटलीचं दूध, आंघोळ, कशानेही."

तान्ह्या बाळांना. शेजारी बसलेल्या सरांना मी भावाच्या बाळाचं आणि आईच्या ड्रमचं हळूच सांगितलं. ते तसेच उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साक्रीला मी आणि मॅडम जातो. बोली यांना येते, गावं माहीत आहेत." कारण त्यांनी सांगितलं नाही.

जीपमध्ये मी पूर्ण वाटभर फोन हातात धरून होते. धुळ्यावरून पुढे गेलो तसं ऊन कलायला लागलं. मधेच जळगावहून डॉक्टरचा फोन आला. बाईचे ओठ उजळायला लागलेत, म्हणाली. आबा पोचलेत, पण उशीर झालाय.

साक्रीपासून पुढच्या पहिल्याच गावात देवळावरचा भोंगा ऐकू आला. ग्रामसेवक घसा फोडून सांगत होता, "बठ्ठास्नी आयका! बाजारमाईन निया ड्रम लिना व्हई तं त्यामातलं पानी पेवानं नही, आंगोयले लेवानं नही, ढोरेस्ले पाजानं नही!" आणि गावात पळापळ उडालेली. बायका ड्रम आडवे करत होत्या, पाणी गल्लीतून वाहत होतं. दोन तरुण एक भरलेला ड्रम ओढत विहिरीकडे निघाले होते. पाणी वाया कशाला घालवायचं, विहिरीत ओतू, तिथे पातळ होईल, असा त्यांचा हिशेब. जीप थांबायच्या आत सरांनी उडी मारली. मी त्यांचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

"ओतू नका! कुठेच ओतू नका! झाकण लावा आणि तिथेच राहू द्या!"

मी त्यांचंच बोलणं अहिराणीत ओरडून सांगत गल्लीगल्लीतून फिरले. लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. एका म्हातारीने मला अडवून विचारलं, "मी सकायलेच प्यायनू व माय. आते मी मरसू का?" मी तिचे ओठ बघितले, नखं बघितली. मला काही कळेना. त्या दिवशी मला सगळ्यांचेच ओठ निळे दिसायला लागले होते. तहसीलची गाडी मागून आली, तिच्यात आरोग्य सेविका होती, ती म्हातारीजवळ बसली आणि आम्ही पुढे गेलो. माझं गाव त्याच्या पुढचं.

घराच्या ओट्यावरच तो ड्रम होता. नवाकोरा दिसणारा, निळा, वर स्टीलचं ताट झाकलेलं. भोंग्याचा आवाज आमच्या टोकाच्या आळीपर्यंत पोचला नव्हता. आई पाटावर बसून शेंगा निवडत होती.

"काय व व्हयनं? अशी काबर पयत उनी?"

"आई, हाऊ ड्रम कव्हय भरना?"

"काल. जरासा वास येत व्हता, म्हणीसन उनमां ठी दिधा, मंग भरना. पेवानं पानी हंडामां शे ना. याना पानीघाई भांडा, कपडा." मग ती थोडी थांबली. "पोरले आंगोय त्याज पानीनी घाली. सकाय बी घाली, काल बी."

मी घरात धावले. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ झोपलेलं, मुठी मिटलेल्या. घरात अंधारून आलं होतं. मी मोबाइलचा उजेड बाळाच्या तोंडावर धरला. ओठ मला करडे वाटले. जरा बाजूला होऊन बघितलं तर गुलाबी वाटले. पुन्हा करडे. वहिनी घाबरून रडायला लागली. बाळ जागं होऊन रडायला लागलं आणि रडताना तर त्याचा चेहरा आणखी गडद दिसू लागला. आई दारात उभी राहून एकच म्हणत होती, "मी काय करं? मी काय करं व?"

आम्ही तसेच जीपमध्ये बसलो. बाळ वहिनीच्या कुशीत, आई मागे, सर ड्रायव्हरशेजारी. भाऊ मोटरसायकलवर मागून. मी वळून तिचा हात धरला तर तिने तो काढून घेतला. ज्या हातांनी बाळाला घासून घासून आंघोळ घातली, ते हात तिने पदराखाली लपवून ठेवले होते.

ग्रामीण रुग्णालयात एक तरुण डॉक्टर आमची वाट बघत होता. जळगावच्या डॉक्टरने त्याला दुपारीच फोन करून सगळं समजावलं होतं आणि धुळ्याहून औषधाच्या कुप्याही येऊन पोचल्या होत्या. त्याने बाळाच्या टाचेला सुई टोचली. पांढऱ्या कापसावर एक थेंब घेतला. शेजारी स्वतःचं बोट टोचून दुसरा थेंब ठेवला.

"दोन्ही सारखे दिसले तर आपण सुटलो," तो म्हणाला. "तपकिरी राहिला तर औषध."

त्याने ट्यूबलाइटखाली कापूस धरून हळूहळू हलवला. मला आठवतं, त्या खोलीत पंखा खडखडत होता आणि तो बंद करावा असं मला फार वाटत होतं, जणू त्याच्या आवाजाने थेंबाचा रंग बदलेल. बाळाचा थेंब आधी गडद दिसला. वहिनीने डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला बघायचंच होतं. मग कडेपासून तो उजळायला लागला. डॉक्टरच्या थेंबापेक्षा किंचित मळका, पण लाल.

"थोडंफार लागलंय," डॉक्टर म्हणाला, "पण औषध द्यावं एवढं नाही. रात्रभर इथे ठेवू, बघत राहू."

आईने मटकन जमिनीवर बसकण मारली. सर बाहेर निघून गेले. मी मागे गेले तेव्हा ते नळाखाली तोंड धूत होते, आणि बराच वेळ धूतच राहिले.

आबांचं निधन झाल्याचं आम्हाला तिथेच कळलं. जळगावच्या डॉक्टरने स्वतः फोन केला. तिचा आवाज सकाळसारखाच शांत होता, फक्त शेवटी ती म्हणाली, "काल दुपारी आले असते तर."

टेम्पोवाल्याने आठवून आठवून सांगितल्याप्रमाणे बहुतेक ड्रम मिळाले. पुढचे काही दिवस दोन्ही जिल्ह्यांची माणसं एकाच गाडीतून गावोगाव फिरत होती. ज्यांना आम्ही फक्त पत्रांच्या खालच्या सहीवरून ओळखत होतो, त्यांच्याबरोबर आम्ही शेताच्या बांधावर बसून भाकरी खाल्ली. ड्रम सीलबंद करून विल्हेवाटीला गेले. मालकाच्या घरच्यांना उपचार मिळाले, त्याच्यावर खटला चालू आहे. तेव्हापासून दर महिन्याला आमची, प्रदूषणवाल्यांची आणि आरोग्याची मिळून फेरी असते. कारखाना आहे की नाही, हा प्रश्न दारात कुणी विचारत नाही. पण काही ड्रम सापडलेच नाहीत. कुणी पाहुण्याला दिला, कुणी शेतावर नेला, कुणी ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला विकला. ते कुठेतरी भरलेले असतील, हा विचार अचानक कधीही येतो, आणि मग काही काळ मला दुसरं काही सुचत नाही.

बरी झाल्यावर ती बाई एक दिवस ऑफिसला आली. तिच्या बोलण्यात अजून दम लागत होता. तिला एकच हवं होतं: आबांच्या घरी जायचं होतं, पण एकटीने जायचा धीर होत नव्हता. आपण वाचलो आणि ते गेले, हे ती त्यांच्या बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार?

आम्ही तिघं गेलो, ती, मी आणि सर. आबांची बायको दारात बसली होती. ती त्या बाईला बघून उठली आणि तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवत राहिली. दोघी पुष्कळ वेळ रडल्या. आम्ही खाली मान घालून बसलो. मग सून आतून पाण्याचे पेले घेऊन आली.

सरांनी पेला उचलला आणि पिऊन टाकला. त्या बाईनेही प्यायलं. मी पेला हातात धरून बसले. पाणी नितळ होतं, त्याला कसलाही वास नव्हता. कुठून भरलं, असं विचारायला माझी जीभ वळेना, आणि प्यायला हात उठेना. आबांची बायको माझ्याकडेच बघत होती.

"आमनी हीरनं शे, बाई," विहिरीकडे हात करत ती म्हणाली. "प्या."

मी पेला ओठांपर्यंत नेला. थोडं पाणी तोंडात घेतलं. ते गिळायला मला फार वेळ लागला.